पर्णरस आणि सुवर्णकण

सोन्याचा रंग पिवळा, हे विधान आपण इतक्या निःशंकपणे करतो की, तेच सोने पुरेसे बारीक केले असता लाल दिसू लागते असे कोणी सांगितल्यास त्यावर सहसा विश्वास बसू नये; परंतु लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकातील जो रोमन काचेचा प्याला जतन करून ठेवलेला आहे, तो बाहेरून उजेड पडला असता हिरवट आणि आतून उजेड आला असता माणिकवर्णी दिसतो, आणि ह्याचे कारण त्या काचेत विखुरलेल्या सोन्या-चांदीच्या अशा कणांत आहे की, ज्यांचा व्यास मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी भरतो. ह्या लालीचा पद्धतशीर तपास प्रथम केला तो मायकेल फॅरडे ह्याने. सुवर्णक्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसाची क्रिया घडवून त्याने सुंदर तांबडा द्रव तयार केला, आणि हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच आहे असे अनुमान १८५७ साली जाहीर केले; ते कण डोळ्यांनी पाहण्याचे कोणतेही साधन त्या काळी उपलब्ध नव्हते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या अनुमानाचे मोल कळते. पुढे १९०८ साली गुस्टाव मी ह्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचे गणित मांडले.

आज ह्या कणांना आपण नॅनोकण म्हणतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, तांबडी रक्तपेशी सुमारे ७ हजार नॅनोमीटर रुंद असते, आणि नॅनोकण १ ते १०० नॅनोमीटरांच्या मर्यादेत मोडतात. एवढ्या लहान धातुकणातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लहरींबरोबर सामुदायिक आंदोलने करू लागतात आणि विशिष्ट रंगाचा प्रकाश गिळून टाकतात. सोन्याचे गोल कण सुमारे ५२० नॅनोमीटर लांबीच्या, म्हणजे हिरव्या, लहरी शोषतात, म्हणून त्यांचे द्रावण तांबडे दिसते. चांदीचे कण जांभळ्या-निळ्या टोकाकडील प्रकाश शोषतात, म्हणून त्यांचे द्रावण पिवळसर दिसते. कणाचा आकार गोल न राहता चपटा, लांबट किंवा त्रिकोणी झाला की ही शोषणाची जागा सरकत सरकत तांबड्या रंगापलीकडच्या अवरक्त प्रदेशात जाते. ह्या एका गोष्टीवर पुढचे पुष्कळसे प्रकरण अवलंबून आहे.

असे कण करण्याची रीत तत्त्वतः सोपी आहे. धातूचा क्षार पाण्यात विरघळविला म्हणजे त्यातील धातूचे अणू इलेक्ट्रॉन गमावलेल्या, विद्युत्भारित स्थितीत असतात; त्यांना ते इलेक्ट्रॉन परत मिळवून दिले की धातू मूळ रूपात प्रकट होतो, अणू अणूला बिलगतो आणि कण वाढू लागतो. इलेक्ट्रॉन परत देण्याच्या ह्या क्रियेला रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात. ती घडविण्यासाठी १९५१ साली टर्केविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सायट्रेट वापरले. अन्यत्र सोडियम बोरोहायड्राइडसारखी तीव्र द्रव्ये आणि कणांचा आकार राखण्यासाठी साबणाच्या जातीची संयुगे वापरण्याचा प्रघात पडला, ज्यांपैकी काही जिवंत पेशींना घातक असल्यामुळे, असे कण औषध म्हणून वापरावयाचे तर आधी त्यांची निःशेष धुलाई करणे भाग पडते.

ह्या कामी वनस्पतीला राबविण्याच्या विचाराला जी चालना मिळाली, तीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे, आणि महाराष्ट्रातील वाचकाने तो ठाऊक करून घ्यावा असा आहे. टेक्सासमधील गार्डिया-टोरेस्डे ह्यांच्या गटाने २००२ साली जिवंत लसूणघासाच्या रोपांत सोन्याचे नॅनोकण तयार होतात असे दाखविले होते. पुण्याच्या पाषाण भागातील ह्या प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद, शिवशंकर आणि त्यांचे सहकारी आरंभी बुरशीकडून हे काम करवून घेत होते. बुरशी वाढवावी लागते, जपावी लागते, आणि तिची क्रियाही मंद. झाडाच्या पानांचा उकळून काढलेला अर्क तेच काम कितीतरी जलद करतो असे त्यांना आढळून आले. २००३ साली त्यांनी जिरेनियमच्या पानांपासून चांदीचे कण केल्याचे प्रसिद्ध केले. २००४ साली कडुनिंब आणि गवती चहाच्या कुळातील एक जात, आणि २००६ साली कोरफड, अशी ही मालिका पुढे चालली.

प्रत्यक्ष कृती अशी असते. कडुनिंबाची ताजी पाने स्वच्छ धुऊन, बारीक चिरून, ऊर्ध्वपातित पाण्यात काही मिनिटे उकळावयाची आणि तो काढा गाळून घ्यावयाचा. दुसरीकडे क्लोरोऑरिक आम्लाचे, म्हणजे सोन्याच्या क्षाराचे, फिकट पिवळे द्रावण तयार ठेवावयाचे. त्यात काढ्याचा थोडा अंश घालून चंचुपात्र टेबलावर नुसते राहू दिले की प्रथम ती पिवळी झाक मावळते. मग द्रवात कोठूनशी गुलाबी छटा उमटते, ती गडद होत जाऊन कधी डाळिंबी तर कधी जांभळट तपकिरी होते आणि मग स्थिर राहते. सिल्व्हर नायट्रेटचे पाण्यासारखे निर्मळ द्रावण ह्याच रीतीने पिवळे आणि पुढे काताच्या रंगाचे होते. दोन्ही क्षार एकाच पात्रात घातले असता काय होते, हे पुण्याच्या ह्या मंडळींनी पाहिले, तेव्हा सोने अधिक सुलभतेने इलेक्ट्रॉन स्वीकारीत असल्यामुळे त्याचा गाभा आधी तयार होतो आणि चांदी मागाहून त्यावर बसते, असा दुपदरी कण त्यांच्या हाती आला. ह्या सर्व खटाटोपात जाळ लागतो तो काढा उकळण्यापुरता. बाकी काम खोलीच्या सामान्य उष्णतेत होते.

पानात असे आहे तरी काय, की त्याने हे घडावे? वनस्पतीला उन्हापासून, किडीपासून आणि स्वतःच्याच श्वसनक्रियेत निर्माण होणाऱ्या दाहक ऑक्सिजनरूपांपासून आपला बचाव करावा लागतो. त्यासाठी ती पॉलिफिनॉल, फ्लॅव्होनॉइड, टर्पिनॉइड अशी जी संयुगे साठवून ठेवते, त्यांतील बहुतेकांचा गुणच मुळी इलेक्ट्रॉन देऊन टाकण्याचा असतो. शर्करा आणि प्रथिने ह्यांचेही साहाय्य असते. हीच संयुगे क्षपणाचे काम करून थांबत नाहीत. नवजात कणाच्या पृष्ठभागाला चिकटून ती त्याच्याभोवती एक पातळ आवरण घालतात, आणि तुपाचा हात लावलेल्या भाताची शिते जशी एकमेकांना चिकटत नाहीत, तसे हे आवरण असलेले कण एकत्र गोळा होऊन तळाशी बसत नाहीत. म्हणजे क्षपण आणि संरक्षण ही दोन कामे, ज्यांसाठी रसायनशाळेत दोन निराळी द्रव्ये लागतात, ती एकाच काढ्याने उरकली जातात. विषारी द्रव्ये टळतात, खर्च वाचतो, आणि सांडपाण्याची चिंताही हलकी होते. ह्या पद्धतीविषयी जगभर जी आस्था उत्पन्न झाली ती ह्यामुळे, आणि ती अनाठायी नाही.

गवती चहाच्या प्रयोगाने तर ह्याहून नवलाची गोष्ट दाखविली. त्या अर्काने जे सुवर्णकण दिले, त्यांत चपट्या, रेखीव त्रिकोणांचे प्रमाण लक्षणीय होते. आरंभी गोल कण जन्मतात, अर्कातील संयुगे त्यांच्या पृष्ठाशी निगडित झाल्यामुळे ते जणू द्रवरूप राहतात, आणि एकमेकांत मिसळून शेवटी स्फटिकी त्रिकोणात परिणत होतात, असे त्या संशोधकांनी २००४ साली ‘नेचर मटीरियल्स’ ह्या नियतकालिकात प्रतिपादन केले. हे त्रिकोण अवरक्त प्रकाश भरपूर शोषतात. काढ्याचे प्रमाण कमी-अधिक करून त्रिकोणांचे आकारमान आणि त्यांबरोबर शोषणाची जागा बदलता येते असे दिसल्यावर, घरांच्या खिडक्यांच्या काचांवर त्यांचा लेप देऊन उन्हाचा ताप अडवावा, ही योजना त्यांनी मांडली. ही योजना काचेपुरती होती. परंतु मानवी शरीराचे मांस ज्या थोड्या लहरींना वाट देते, त्या तांबड्याच्या टोकापासून अवरक्ताच्या आरंभापर्यंतच्याच, म्हणजे सुमारे ६५० ते ९०० नॅनोमीटरांच्या, आहेत. तेव्हा जो कण ह्या लहरी शोषून तापतो, तो कर्करोगाच्या गाठीत पोचवून बाहेरून लेसरचा झोत टाकला तर आजूबाजूच्या निरोगी ऊतींना फारसा धक्का न लावता गाठ भाजून काढता येईल, ही कल्पना ओघानेच येते. अमेरिकेतील राइस विद्यापीठात नाओमी हॅलास आणि जेनिफर वेस्ट ह्यांनी २००३ साली प्राण्यांवर ती सिद्ध करून दाखविली, आणि २०१९ साली पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या १६ रुग्णांवरील चाचणीत १५ जणांच्या बाबतीत हा उपचार ठरल्याप्रमाणे पार पडल्याचे प्रसिद्ध झाले. मात्र ते कण सिलिकेच्या गोळीवर सोन्याचे कवच चढवून रसायनशाळेच्या नेहमीच्या रीतीने केलेले होते. पानाचा त्यात संबंध नव्हता.

येथे मला एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. वनस्पतिजन्य धातुकणांनी कर्करोगाच्या पेशी मेल्या, असे सांगणारे प्रबंध गेल्या दोन दशकांत सर्व देशांतून, आणि आपल्या महाविद्यालयांतून तर मुबलक, प्रसिद्ध झाले आहेत. झाड बदलावे, धातू बदलावा आणि नवा प्रबंध लिहावा, इतकी ती वाट रुळली आहे. त्यांतील पुरावा बहुधा ज्या परीक्षेवर उभा असतो ती समजून घेतली पाहिजे. ९६ खळग्यांच्या एका प्लास्टिकच्या ताटलीत कर्करोगाच्या पेशी वाढवितात. ह्या पेशी हेला ह्या नावाच्या, म्हणजे १९५१ साली बाल्टिमोर येथे एका रुग्ण स्त्रीच्या गाठीतून घेतलेल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळांतून अखंड वाढत असलेल्या, वंशाच्या असतात, किंवा स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ ह्या वंशाच्या. खळग्यांत कणांच्या चढत्या मात्रा घालतात, एक-दोन दिवस थांबतात, आणि मग एमटीटी नावाचा पिवळा रंग प्रत्येक खळग्यात सोडतात. जिवंत पेशी आपल्या चयापचयाच्या बळावर त्या पिवळ्या रंगाचे क्षपण करून जांभळे स्फटिक बनवितात. मेलेल्या पेशींना ते साधत नाही. जांभळेपणा यंत्राने मोजला की किती पेशी जगल्या ह्याचा हिशेब लागतो.

आता ह्यातील अडचण पाहा. पेशींच्या जिवंतपणाची खूण म्हणून जे क्षपण आपण मोजतो, तेच क्षपण घडविण्याचा गुण पानाच्या काढ्यात आहे, आणि त्या गुणामुळेच तर आपण त्याला कामावर ठेवले. कणाच्या आवरणावर किंवा अपुऱ्या धुतलेल्या द्रावणात उरलेले पॉलिफिनॉल पेशी नसतानाही एमटीटीला जांभळे करू शकते. शिवाय सुवर्णकण स्वतः रंगीत. यंत्र ज्या लहरीवर जांभळेपणा वाचते तिच्या अगदी शेजारी त्यांचे शोषण असते. काही कण तो रंग स्वतःवर धरूनही ठेवतात. सबब आकडा इकडेही चुकतो आणि तिकडेही. ह्यावर उपाय नाहीत असे नाही: पेशींवाचून कण आणि रंग ह्यांची गाठ घालून पाहावी, नुसता काढा आणि नुसता सिल्व्हर नायट्रेट ह्यांच्या समांतर चाचण्या घ्याव्या, निरोगी पेशींवर तीच मात्रा वापरावी, आणि निदान एक सर्वस्वी निराळी परीक्षा जोडीला ठेवावी. निरोगी पेशींची चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण चांदीचे कण विद्युत्भारित चांदी सोडून पेशीत दाहक ऑक्सिजनरूपे निर्माण करतात, तंतुकणिकांची मोडतोड करतात, आणि हा मारा करताना समोरची पेशी रोगट की निरोगी ह्याची फारशी विचारपूस करीत नाहीत. ज्या प्रबंधात ह्या तुलना नाहीत, त्याचा दाखला उपचारासाठी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताटलीतून शरीरात आलो की प्रश्न आणखी बिकट होतो. गाठीतील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, म्हणून छिद्रल असतात आणि तेथील लसीकेचा निचरा मंदावलेला असतो. त्यामुळे योग्य आकारमानाचे कण तेथे आपोआप साचतील, असे १९८६ साली मात्सुमुरा आणि माएदा ह्या जपानी संशोधकांनी मांडले आणि त्यावर नॅनोवैद्यकाने पुष्कळ भरवसा ठेवला. प्रत्यक्षात शिरेतून टोचलेल्या कणांवर रक्तातील प्रथिनांचा थर बसतो, त्यांना परके म्हणून ओळखले जाते, आणि यकृत व प्लीहा ह्यांतील भक्षक पेशी त्यांना आधीच अटकाव करतात. फार लहान, सुमारे साडेपाच नॅनोमीटरांहून कमी असलेले, कण मूत्रपिंडातून निघून जातात. टोरांटोच्या वॉरेन चॅन ह्यांच्या गटाने दहा वर्षांच्या प्रयोगांची छाननी करून २०१६ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्या भागाचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. ही छाननी सर्व प्रकारच्या नॅनोकणांची होती, आणि बहुतांश प्रयोग उंदरांवरचे होते. पानाच्या काढ्यातून जन्मलेल्या कणाला ह्यातून सूट मिळण्याचे काही कारण दिसत नाही.

ह्या अडचणीतून वाट काढणारा एक प्रयत्न मला विशेष विचार करण्याजोगा वाटतो. अमेरिकेच्या मिसूरी विद्यापीठात कट्टेश कट्टी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी चहाच्या पानांपासून सुवर्णकण करण्यापासून आरंभ केला. परंतु तेथे न थांबता त्यांनी चहातील ईजीसीजी हे एकच पॉलिफिनॉल निवडले आणि किरणोत्सारी सोन्याचे, म्हणजे सोने-१९८ चे, कण त्याच्या साहाय्याने सिद्ध केले. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगपेशींच्या पृष्ठावर लॅमिनिनचे जे ग्राहक अधिक संख्येने असतात, त्यांना हे पॉलिफिनॉल बिलगते. सोन्याचा हा प्रकार सुमारे २.७ दिवसांच्या अर्धायुष्याने विघटित होत असताना जे बीटा-किरण सोडतो, ते पेशी मारतात. मानवी गाठी वाढविलेल्या उंदरांच्या गाठीतच हे द्रावण टोचले असता २४ तासांनंतर सुमारे ७२ टक्के मात्रा तेथे टिकून राहिली आणि २८ दिवसांनंतर गाठींचे आकारमान ८० टक्क्यांनी घटले, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. ह्या यशाची फोड केली पाहिजे. मारण्याचे काम किरणोत्साराने केले. टिकून राहण्याचे श्रेय बरेचसे गाठीत थेट टोचण्याला. आणि वनस्पतीने दिले ते कण घडविणारे व पेशीला धरणारे एक शुद्ध, ओळखलेले, मोजता येणारे संयुग. ह्याच सुमारास युरोपात हॅफ्नियम ऑक्साइडच्या कणांवर काम चालले होते, ज्यांना २०१९ साली मृदु ऊतींच्या एका कर्करोगासाठी किरणोपचाराच्या जोडीने वापरण्याची मंजुरी मिळाली. तेही गाठीतच टोचावयाचे असतात.

शुद्ध संयुग आणि अख्खा काढा ह्यांतील भेद मी मुद्दाम अधोरेखित करतो. चैत्रात नवी पालवी फुटलेल्या कडुनिंबाचे पान आणि श्रावणात पावसाने धुतलेले पान ह्यांतील संयुगांचे प्रमाण सारखे नसते. जमीन, ऊन, पानाचे वय, वाळविण्याची रीत, सर्वांचा परिणाम होतो. त्यामुळे आजच्या काढ्याने घडलेले कण आणि चार महिन्यांनी घडलेले कण आकारमानाने, आवरणाने आणि पर्यायाने गुणानेही वेगळे असू शकतात. काचेवर लेप द्यावयाचा असता हे खपून जाईल. रुग्णाच्या शिरेत टोचावयाचे असता खपणार नाही. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ साली नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांतही प्रत्येक घाण्याचा माल समान असणे ही एक अट आहे. सदाफुलीचा इतिहास येथे आठवावा. आपल्या अंगणातील त्या साध्या झुडपातून १९५८ च्या सुमारास व्हिनब्लास्टिन आणि पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन ही संयुगे वेगळी काढली गेली, तेव्हा कोठे लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वैद्यांच्या हाती खरे शस्त्र आले. आणि ते मिलिग्रॅमच्या मापाने, शरीराच्या पृष्ठफळाचा हिशेब करून देतात, कारण मात्रा वाढली तर तेच औषध मज्जातंतूंना इजा करते. सदाफुलीची पाने चावून कोणाचाही कर्करोग बरा झालेला नाही. धातूच्या बाजूनेही असाच दाखला आहे: प्लॅटिनमचे सिसप्लॅटिन हे संयुग १९७८ पासून अमेरिकेत कर्करोगावरील औषध म्हणून मंजूर आहे, आणि तेही रेणूच्या रचनेपर्यंत ओळखलेले आहे.

पुण्यात झालेले हे काम अस्सल आणि अभिमानास्पद आहे. पानातील एक गुण ओळखून त्याच्याकडून सोन्याचे त्रिकोण घडवून घेणे ही उत्तम रसायनविद्या होय. पुढचे काम तरुण संशोधकांनी करावयाचे आहे, आणि ते नवी नवी झाडे शोधण्याचे नसून काढ्यातील कोणते संयुग नेमके काय करते हे शोधण्याचे, आवरणाची घडण निश्चित करण्याचे आणि निरोगी पेशी व प्राणी ह्यांच्यावरील कसोटीला उतरण्याचे आहे. हे लिहीत असताना अमेरिकेच्या किंवा युरोपच्या औषधनियामकांनी वनस्पतीच्या काढ्यातून घडविलेल्या एकाही धातुकणाला कर्करोगावरील औषध म्हणून मंजुरी दिलेली नाही. तरीही ‘नॅनो’ सुवर्णाच्या गोळ्या, चांदीचे पाणी आणि नाना प्रकारचे अर्क रोग्यांच्या घरी पोचत असतात. चांदीचे पाणी दीर्घकाळ पोटात घेणाऱ्यांची कातडी कायमची निळसर करडी झाल्याची उदाहरणे वैद्यकाच्या दप्तरी नमूद आहेत. ज्यांच्या घरी हा रोग आला आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, कोणी असे काही सुचविल्यास ते आपल्या कर्करोगतज्ज्ञाला दाखवावे, त्याच्यापासून लपवून घेऊ नये, आणि चालू असलेला उपचार त्यासाठी एक दिवसही थांबवू नये.